सैनिकांच्या कॅन्सरच्या अभ्यासाला लष्कराच्याच नोंदी का पुरत नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकी लष्कराकडे प्रत्येक सैनिकाची वैद्यकीय फाइल असते, मग अभ्यासासाठी राज्याराज्यांच्या कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे त्या राज्यात कुणाकुणाला कॅन्सर झाला याच्या सरकारी नोंदी, कशाला धुंडाळायच्या? मी इथल्या एका राज्याच्या रजिस्ट्रीत काही वर्षं नोंदी जुळवायचं काम केलंय, म्हणून उत्तर देतो.

बहुतेक सैनिक तरुणपणीच सैन्य सोडतात. कॅन्सर होतो तो पन्नाशी-साठीत. तोवर हा माणूस ओहायोत कुठेतरी, बायकोच्या नोकरीच्या इन्शुरन्सवर, गावातल्या खासगी हॉस्पिटलात जात असतो. तो कुठल्या तळावर होता हे लष्कराला माहीत, त्याला पुढे काय झालं हे राज्याला माहीत. हे दोन कागद शेजारी आलेच नाहीत, तर लष्कराच्या लेखी तो ठणठणीत.

माझा जीव तिथेच अडकायचा. जुळणीत ज्याची नोंद सापडत नाही, त्याला कॅन्सर झालाच नाही असं धरलं जातं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, विल्यमच्या जागी कुणीतरी ‘बिल’ हे त्याचं घरगुती नाव लिहिलेलं, सोशल सिक्युरिटी नंबरातला एक आकडा चुकलेला, की एक रुग्ण निरोगी लोकांत जाऊन बसतो. उलटही होतं: हिवाळाभर फ्लोरिडात राहणाऱ्याचा एकच ट्यूमर दोन राज्यांकडून येतो, तो एकदाच मोजायचा. माजी सैनिकांची हॉस्पिटलं केंद्र सरकारची, त्यांना कॅन्सरच्या नोंदी कळवायला लावणारा राज्याचा कायदा लागू नाही. २००७ च्या सुमारास त्यांच्याकडून काही राज्यांना नोंदी येणं थांबलं आणि पुरुषांमधल्या कॅन्सरचे आकडे आपोआप कमी दिसू लागले.

जुळणीतून काय हाती लागतं, हे कॅम्प लेजूनमध्ये दिसलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या, मरीन्स या अमेरिकी सैन्यदलाच्या या तळाच्या पिण्याच्या पाण्यात १९५३ ते १९८५ पर्यंत ट्रायक्लोरोइथिलीन, बेंझीन अशी रसायनं होती. एटीएसडीआर या सरकारी संस्थेने १९७५ ते १९८५ मध्ये तिथे असलेल्या दीड लाखांवर मरीन्स आणि नौसैनिकांची यादी घेतली, जिथलं पाणी असं दूषित नव्हतं त्या कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन तळाची तशीच यादी तुलनेला घेतली, आणि दोन्ही याद्या देशभरातल्या ५४ रजिस्ट्रींशी ताडून पाहिल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: काही प्रकारचे ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर), शिवाय थायरॉइड, अन्ननलिका अशा काही कॅन्सरचा धोका लेजूनच्या लोकांत किमान २० टक्के जास्त. एकट्या लष्कराच्या फायलींतून हे निघालं नसतं.

तरी त्यात एक मोठं भगदाड आहे. राज्यांच्या रजिस्ट्रींना देशभर पैसा आणि नियम देणारा कायदाच १९९२ चा, त्यामुळे या अभ्यासात १९९६ पासूनचे कॅन्सर मोजले. लेजूनचं पाणी पिऊन १९८८ मध्ये, ऐन तिशीत ल्युकेमिया झालेला मरीन त्या २० टक्क्यांत नाही. तो त्या आजाराने गेला असेल, तर मृत्यूंच्या वेगळ्या अभ्यासात सापडतो, कारण देशाची मृत्युसूची १९७९ पासूनची आहे. बरा झाला असेल, तर कुठेच नाही.