वाचकांचे प्रश्न : नवा फोन बिघडला, बदली रिफर्बिश्ड आला

प्रश्न : नमस्कार ताई, मी नाशिकला असते. दसऱ्याच्या सेलमधे एका शॉपिंग साइटवरून ३२ हजारांचा नवा फोन घेतला, मिस्टरांच्या कार्डावर ईएमआय आहे. चौथ्या दिवशी स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या आणि फोन आपोआप बंद व्हायला लागला. साइटवाले म्हणाले कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. तिथं फोन जमा केला, नंतर मेसेज आला रिप्लेसमेंट आलंय म्हणून, जाऊन बघते तर साधा पांढरा खोका, सील नाही आणि कागदावर बारीक अक्षरात रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला फोन दुरुस्त करून दिलेला, असं छापलेलं. मी म्हटलं मी नवा घेतला होता ना, तर म्हणे मॅडम वॉरंटीत असंच मिळतं, पॉलिसी आहे. फोन अजून सेंटरलाच आहे आणि रोज कॉल येतोय की घेऊन जा. घेऊ का नको?

उत्तर : नुसती सही करून तर अजिबात घेऊ नका. तुमचा राग अगदी बरोबर आहे आणि पॉलिसी ह्या एका शब्दावर गप्प बसायचं काहीच कारण नाही.

आधी काय झालंय ते बघू. चौथ्या दिवशी फोन बिघडला तेव्हा साइटच्या रिटर्नची मुदत बहुतेक चालू असणार, म्हणजे तक्रार विकणाऱ्याकडे होती आणि मागणी नवा फोन किंवा पैसे परत अशी होती. साइटने तुम्हाला सर्व्हिस सेंटरला पाठवलं आणि तिथं जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याची दोष लिहिलेली पावती, बनली त्याक्षणी ते प्रकरण वॉरंटीचं झालं. वॉरंटीचा मजकूर कंपनी स्वतःच लिहिते, आणि त्यात बऱ्याच कंपन्यांनी लिहून ठेवलेलंच असतं की आम्ही दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, बदलीचा फोन नवा असेल किंवा नव्यासारखा चालणारा वापरलेला असेल. काउंटरवरचा मुलगा तेवढंच वाचून दाखवतो, त्याच्या हातात दुसरं काही नसतंही, त्यामुळे त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

पण वॉरंटी म्हणजे कायदा नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, जुलै २०२० पासून लागू झालाय, आणि त्याच्या कलम ३९ मधे जिल्हा ग्राहक आयोग काय काय आदेश देऊ शकतो ते लिहिलंय : दोष काढून द्या, त्याच प्रकारची नवी, दोष नसलेली वस्तू द्या, किंवा घेतलेले पैसे व्याजासकट परत करा, वर नुकसानभरपाईही देता येते. तिथं नवी वस्तू असा शब्द आहे, रिफर्बिश्ड असा नाही. त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे तिच्यात दोष असलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं येतं, मुदत बिलावर लिहिली असेल ती, नसेल तर ३० दिवस. आणि दुरुस्त केलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून खपवणं हेही त्यातच येतं. तुमच्या कागदावर त्यांनी रिफर्बिश्ड छापलंय म्हणजे हा शेवटचा मुद्दा तुम्हाला लागू नाही, पण ज्यांना काहीच न सांगता असा फोन हातात दिला जातो त्यांच्यासाठी तो फार कामाचा आहे.

अमेरिकेत ह्यावरून मोठा खटला झालाय. बदलीत दिलेले रिफर्बिश्ड फोन आणि टॅब्लेट कामगिरीत आणि टिकाऊपणात नव्याच्या बरोबरीचे नसतात असं म्हणत २०१६ साली ग्राहकांनी ॲपलवर दावा लावला, शेवटी कंपनीने चूक मान्य न करता साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ती तडजोड इथं बांधील नाही हे खरं, पण नव्यासारखा ह्या शब्दावर प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही एवढं नक्की कळतं.

आता करायचं काय. आजच साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, नाव आणि पत्ता साइटवर देणं त्यांना बंधनकारक आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. तोच मेल कंपनीलाही पाठवा. लांबण लावू नका : अमुक तारखेला नवा फोन घेतला, चौथ्या दिवशी दोष आला, जॉबशीट नंबर अमुक, मला रिफर्बिश्ड बदली मान्य नाही, सीलबंद नवा फोन किंवा पूर्ण पैसे परत द्या, १५ दिवसांत उत्तर द्या. सोबत बिल, जॉबशीट आणि त्या पांढऱ्या खोक्याचे फोटो. जॉबशीट तर जिवापाड जपा, कारण दोष होता हे त्यांच्याच माणसाने तारखेसकट लिहून दिलंय. ते नसेल तर उद्या आयोगापुढे दोष होता की नव्हता ह्यावरच वाद सुरू होतो आणि वस्तू लॅबला पाठवायची वेळ येते.

मेलने नाही हललं तर १९१५ ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण कंपनीच्या वरच्या माणसांपर्यंत तक्रार पोचवतात, आणि काउंटरवर महिनाभर अडकलेली गोष्ट तिथून सुटते असं मी बऱ्याच वाचकांच्या बाबतीत बघितलंय. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते आणि तुम्ही राहता तिथल्याच म्हणजे नाशिकच्या आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो. वेळ लागतो हे मात्र खरं. लॅब तपासणी नसेल तर ३ महिन्यांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात, ते धरूनच चाला.

आणि फोनशिवाय अडलंच असेल, ऑफिसचे ओटीपी, मुलांची शाळा सगळं त्याच्यावर असेल, तर फोन घ्या पण कागदावर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा की हक्क राखून स्वीकारला, रिफर्बिश्ड बदली मान्य नाही. लिहू देत नसतील तर तेच त्याच दिवशी मेलवर पाठवा. घेताना काउंटरवरच *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, बघा, कागदावरच्या नंबरशी जुळतोय का बघा, आणि इंग्रजीत KYM लिहून स्पेस देऊन तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा, मॉडेल काय आहे आणि नंबर ब्लॉक वगैरे झालेला आहे का ते कळतं. आयफोन असेल तर सेटिंगमधे अबाउटमधे मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघायचं, एम म्हणजे दुकानात विकलेला नवा, एफ म्हणजे रिफर्बिश्ड, एन म्हणजे बदलीत दिलेला. स्वतःचं अकाउंट घालून बघा, आधीच्या मालकाचं लॉक राहिलेलं असेल तर तिथंच समजेल.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. तुमच्या बिलावर जुन्या फोनचा आयएमईआय आहे आणि हातात दुसऱ्याच नंबरचा फोन. उद्या इन्शुरन्स क्लेम करायला गेलात, एक्स्चेंजला दिलात किंवा चोरीची तक्रार करायची वेळ आली तर बिल आणि फोन जुळत नाहीत म्हणून अडवतात. म्हणून जुना नंबर, नवा नंबर आणि बदलीची तारीख असलेलं पत्र सेंटरकडून शिक्क्यासकट घ्या, आणि ह्या फोनची वॉरंटी कधीपर्यंत हेही त्यातच लिहून मागा.

प्रश्न : लॅपटॉप घेऊन दहा महिने झाले, मदरबोर्ड गेला. कंपनीने वॉरंटीत फुकट बदलला पण बोर्ड रिफर्बिश्ड टाकलाय असं टेक्निशियनच बोलता बोलता म्हणाला. ही फसवणूक नाही का? (कोल्हापूर)

उत्तर : इथं मी तुमच्या बाजूने तेवढी ठाम नाही. दहा महिने वापरलेल्या मशिनमधे तपासून दुरुस्त केलेला पार्ट घालणं मला अन्याय वाटत नाही, कंपनीच्या अटींत बहुतेक ते लिहिलेलंही असेल, आणि चांगला बोर्ड भंगारात जाण्यापेक्षा वापरात आला तर बरंच आहे. नाशिकच्या ताईंचा फोन चार दिवसांचा होता, तिथं वापरलेली वस्तू गळ्यात मारणं वेगळं.

फक्त लपवाछपवी नको. जॉबशीटवर बदललेल्या पार्टचा नंबर आणि तो रिफर्बिश्ड असल्याचं लिहून मागा. त्या पार्टची वॉरंटी किती तेही विचारा, बऱ्याच कंपन्या उरलेली मुदत किंवा ९० दिवस ह्यातलं जे जास्त असेल ते देतात, तुमचे दोनच महिने उरलेत म्हणजे ९० दिवस मिळाले तर फायदाच. घरी आल्यावर विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढा आणि हार्डडिस्क किंवा एसएसडी किती तास चाललीय तेही बघून घ्या, म्हणजे फक्त बोर्डच बदललाय ना ते कळेल. तोच बिघाड परत परत आला तर मात्र पुन्हा दुरुस्ती नको म्हणा आणि पैसे परत मागा, आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.

प्रश्न : माझा भाऊ मेलबर्नला असतो, त्याच्या नव्या टॅब्लेटला पहिल्याच आठवड्यात मोठा दोष निघाला आणि दुकान रिफर्बिश्ड देतंय. तिथं काही करता येतं का? (डोंबिवली)

उत्तर : येतं, आणि आपल्यापेक्षा सोपं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात दोष मोठा असेल तर बदली घ्यायची की पैसे परत घ्यायचे हे ग्राहक ठरवतो, दुकान नाही, आणि कंपनीच्या वॉरंटीत काहीही लिहिलेलं असलं तरी हा हक्क जात नाही. २०१८ मधे तिथल्या ग्राहक आयोगाने ॲपलकडून लेखी हमीच घेतली होती की मोठा दोष असेल आणि ग्राहकाने मागितलं तर बदलीत नवंच उपकरण देऊ. दुरुस्तीला दिलेल्या वस्तूच्या जागी रिफर्बिश्ड मिळू शकतं असं असेल तर तेही दुकानाने आधी लेखी कळवायचं असतं. भावाला सांगा, कंपनीकडे नंतर, आधी दुकानाकडेच जा, मेजर फेल्युअर हा शब्द वापर आणि बदली नको, पूर्ण रिफंड दे असं लेखी माग.