समृद्धी महामार्गाजवळच्या लेआऊटमध्ये गुंतवणूक म्हणून प्लॉट घ्यावा का?

सर, तुम्ही जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहात, आठ लाख साठले आहेत, मुलगी आठ वर्षांची आहे. आर्वी तालुक्यात ‘समृद्धीपासून दोन किलोमीटरवर’ लेआऊट पडलाय, तिथे प्लॉट घेऊन दहा वर्षांनी तिच्या शिक्षणासाठी विकायचा, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर घेऊ नका. स्वतः घर बांधून राहणार असाल तर गोष्ट वेगळी.

2013 मध्ये मी आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर चार लाखांचा प्लॉट घेतला. तिन्ही बाजूंनी पऱ्हाटीची वावरं, रस्ता आणि विजेचे खांब फक्त नकाशावर. 2022 मध्ये मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी विकायला काढला, तर चौदा महिने गिऱ्हाईकच नाही. निम्मा लेआऊट विकायला होता, कारण घेणारे सगळे माझ्यासारखेच, भाव वाढायची वाट पाहणारे. घर बांधणारा एकही नाही. फीची तारीख थांबत नाही, म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढलं. शेवटी 2023 च्या अखेरीस प्लॉट सहा लाखांत गेला. दहा वर्षांत दीडपट म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्के, रजिस्ट्रीचा खर्च न धरता. सात टक्क्यांच्या ठेवीत तेच चार लाख पावणेआठच्या वर गेले असते. आपल्याकडे जमीन घेणं सोपं आहे सर, गरजेच्या वेळी विकणं फार अवघड.

आता त्या ‘दोन किलोमीटर’बद्दल. नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि लेआऊटवाल्यांच्या पाट्या गावोगावी लागल्या. पण समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, चढता-उतरता येतं ते फक्त इंटरचेंजवर. म्हणून प्लॉटपासून इंटरचेंज किती लांब आहे ते गाडीने जाऊन मोजा. रस्ता डोळ्यांना दिसतो म्हणून तिथे वस्ती होत नाही.

तरीही मन होत असेल तर इसार देण्याआधी सातबारा आणि जुने फेरफार स्वतः काढा. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन) दिसला किंवा भूदानाची नोंद असली तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आपल्या वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आणखी एक नोंद जीव खाते, ती म्हणजे झुडपी जंगल. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वन म्हणूनच धरायच्या असा निकाल दिला. ढोरं चरायची मोकळी जागा म्हणून जिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं, तिच्यावर लेआऊट पडला असेल तर पैसे गेलेच समजा. अकृषक (एनए, म्हणजे बिगरशेती) आदेश मूळ प्रतीत मागा. लेआऊट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेरा नंबरही, म्हणजे बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, मागा. ‘नोटरी करून देतो, रजिस्ट्री मागाहून’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठा, नोटरीने मालकी मिळत नाही.

शेतजमिनीचाही विचार असेल तर आधी घरात कुणाच्या नावे शेती आहे का ते पाहा. 1958 च्या विदर्भ कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय वावर घेता येत नाही.

मुलगी दहाच्या आत आहे, हे तुमच्या हातातलं मोठं बळ आहे. पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडा. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, 2024 आणि 2025 मध्ये व्याज 8.2 टक्के होतं आणि ती अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. उरलेले पैसे ठेवीत ठेवून दरवर्षी तिकडे वळवा.

इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ रकान्यात काय लिहिलंय ते कळवा, मी पाहून सांगतो.