बॅकअप दुसऱ्या घरात ठेवा : वाचकांची प्रश्नोत्तरे

मच्छी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल आली. टेम्पोला दंड झाला असेल म्हणून उघडली. काहीतरी इन्स्टॉल झालं, पण चलन दिसलंच नाही. पैसे अजून गेलेले नाहीत. आता काय करू? (हर्णै)

या वाचकांना मी त्याच दिवशी फोनवर उत्तर दिलं. इथे सगळ्यांसाठी पुन्हा लिहितो.

सर्वांत आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. नंतर घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. अशा फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असतं. ती चलनाची पावती नसून एक ॲप असतं. इन्स्टॉल होताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागून घेतं आणि मग तुमचे ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. बरेचदा त्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसतही नाही. त्यामुळे ते शोधत बसू नका. फोटो आणि नंबर काढून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरूनच बदला.

ज्या मित्राच्या नंबरवरून फाइल आली त्याच्यावर रागावू नका, त्याला फोन करा. बहुतेक वेळा त्याचाही फोन असाच गेलेला असतो आणि त्याच्या नकळत फाइल पुढे जात असते. खरं चलन परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. त्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढं पाहा.

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. २०२१ च्या पुरात कॉम्प्युटर गेला आणि सात वर्षांचे हिशेब त्याच्याबरोबर गेले. आता रोज रात्री टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेतो. विसरायला नको म्हणून पेनड्राइव्ह मशीनलाच लावून ठेवला आहे. एवढं पुरे ना? (चिपळूण)

पुरे नाही. तुम्ही सोसलेलं नुकसान माहीत असल्याने हे जरा सविस्तर सांगतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. नंतरच्या आठवड्यात चिखलाने भरलेल्या हार्ड डिस्क पिशवीत घालून आलेले व्यापारी मी पाहिले. ‘सुकलं असेल’ म्हणून ज्यांनी मशीन घरीच चालू करून पाहिलं, त्यांचं उरलंसुरलंही गेलं. भिजलेली डिस्क कधीही चालू करू नका. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

पाणी पुन्हा आलं तर गल्ल्याजवळच्या मशीनला लावलेला पेनड्राइव्ह मशीनबरोबरच बुडेल. दुसरा धोका पाण्याशिवायचा आहे. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणारा प्रोग्रॅम, शिरलं की ते मशीनवरच्या फाइली तर कुलूपबंद करतंच, शिवाय मशीनला जे काही जोडलेलं सापडेल तेही सोडत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातकी प्रोग्रॅमने आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात, एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. ते टर्मिनल चालवणाऱ्या मार्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे जगभरचे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडले. नेटवर्क पुन्हा उभं करायला लागणाऱ्या महत्त्वाच्या माहितीची एकच प्रत शाबूत सापडली, ती घानातल्या कार्यालयात. तिथली वीज गेल्यामुळे ते मशीन त्या वेळी नेटवर्कपासून तुटलेलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं ते न जोडलेल्या एका मशीनने. तुमचीही एक प्रत नेहमी अशीच सुटी हवी.

म्हणून दोन हार्ड डिस्क घ्या, आळीपाळीने वापरा. बॅकअप झाला की डिस्क लगेच काढा. एक दुकानात उंचावर ठेवा, दुसरी पुराची रेघ जिथे पोचत नाही अशा बहिणीच्या किंवा मेव्हण्याच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल करा. तिसरी प्रत क्लाउडवर, जिथे फाइलच्या जुन्या आवृत्त्याही राहतात अशा ठिकाणी. टॅलीचा फोल्डर नुसता कॉपी करू नका, टॅलीतला बॅकअपचा पर्याय वापरा. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून ताळेबंद उघडतो का ते बघा. पाच वर्षं नियमाने घेतलेला बॅकअप ऐन वेळी कोरा निघालेला मी पाहिला आहे. त्या माणसाचा चेहरा अजून विसरलेलो नाही.

तुमचं मशीन विंडोज १० वर आहे असं पत्रात दिसतं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी केली तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. तेवढ्या मुदतीत विंडोज ११ चालेल असं मशीन घ्या. मात्र कुणी फुकटात ‘क्रॅक’, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली चोरटी प्रत, टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. क्रॅक चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. हिशेबाच्या मशीनवर असं करायचं म्हणजे चोराला बोलावून दाराची कडी काढून देणं.

सैन्यातला अधिकारी म्हणून एकाने फोन केला, सहा खोल्या हव्यात म्हणाला, गणवेशातला फोटोही पाठवला. ‘क्यूआर स्कॅन करा, ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल’ म्हणतोय. सीझन तोंडावर आहे, गिऱ्हाईक सोडवत नाही. (तारकर्ली)

सोडा. यूपीआयवर पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं, ना पिन. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ‘आधी एक रुपया पाठवून बघा’ हीही त्याच जाळ्याची दोरी आहे. खरं गिऱ्हाईक असेल तर तुम्ही पाठवलेल्या क्यूआरवर ते पैसे भरेल. आणि पैसे आले की नाही हे बँकेच्या ॲपमध्ये बघा. स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही खोटे बनवता येतात.

नियमही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यावर तुमच्यावर भार येत नाही. पण पिन-ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजून रात्र काढू नका, त्याच मिनिटाला बँक आणि १९३०.

जाता जाता, गूगल मॅपवर आपल्या होमस्टेचा फोन नंबर महिन्यातून एकदा तपासा. भलताच माणूस तो बदलून बुकिंगचे पैसे घेऊ शकतो.

व्हिडिओ कॉलवर पोलीस होते. माझ्या आधारवरून पार्सलमध्ये अमली पदार्थ गेले म्हणाले, कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणाले. मी कॉल तोडला, पण झोप नाही. मुलगा मुंबईला, घरात मी एकटी. माका भिती वाटता. (देवगड)

काकू, तुम्ही अगदी बरोबर केलंत. ‘डिजिटल अरेस्ट’ असा काही प्रकार आपल्या कायद्यात नाही. कुठलाच पोलीस व्हिडिओ कॉलवरून अटक करत नाही आणि ‘पडताळणी’साठी पैसे भरून घेत नाही. त्यांना तुमचा आधार क्रमांक माहीत होता म्हणून ते पोलीस ठरत नाहीत. असे क्रमांक कुठून कुठून फुटलेले असतात. त्यांचं सगळं बळ तुम्हाला एकटं पाडण्यात असतं. तुम्ही कॉल तोडलात तिथेच ते संपलं.

आज शेजारच्या वहिनींना सगळं सांगा, मुलालाही सांगा. सोबतीला कुणी घेऊन पोलीस ठाण्यात एकदा जाऊन या, मनाला बरं वाटेल. मुलाकडून सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत तो नंबर नोंदवून घ्या. पुन्हा फोन आला तर उचलू नका.

झेरॉक्सचं दुकान आहे. लोक आधार-पॅन व्हॉट्सॲपवर पाठवतात, आम्ही प्रिंट काढतो. काही चुकतंय का? (दापोली)

प्रिंट दिली की फाइल चॅटमधून आणि डाउनलोड फोल्डरमधूनही काढा, रीसायकल बिन रिकामी करा. दुकानाचं व्हॉट्सॲप घरच्या नंबरवर नको. त्यात टू-स्टेप पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी मशीन दिसलं तर लॉगआउट करा. गिऱ्हाइकाचं काम भागत असेल तिथे मास्क्ड आधार सुचवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बिघडलेल्या प्रिंट रद्दीत देऊ नका, फाडा. भेळेच्या पुडीवर कुणाचं तरी आधार मी स्वतः वाचलं आहे.

वाडीत कॅमेरे बसवले, मोबाइलवर दिसतात. बसवणाऱ्याने पासवर्ड तोच ठेवलाय, १२३४५. (अलिबाग)

आजच बदला. राउटरचाही.