शब्बाथशाळेचा वर्ग हाती घेताना

पुण्यात शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चमधील मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग प्रथमच घेणाऱ्या शिक्षकाने आधी हे जाणून घ्यावे की, प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत हा वर्ग कुणा उत्साही व्यक्तीचा खाजगी उपक्रम नसतो. पाळक आणि मंडळीने (स्थानिक चर्चच्या सभासदांनी) निवडलेले वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ सभासद, यांच्या सेशनला (कारभारी सभेला) त्याचा अभ्यासक्रम, शिक्षकांची नेमणूक आणि हिशेब यांवर देखरेख ठेवावी लागते, आणि सेशन स्वतः प्रेसबिटरीला, म्हणजे त्या भागातील अनेक मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेला, उत्तरदायी असते. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ही परंपरा इतर परंपरांसह सामील झाली आणि तेथे बिशपही आहेत. म्हणून आपल्या मंडळीत नेमका अधिकार कोणाकडे आहे, हे पाळकांना आधीच विचारावे.

देखरेखीला अविश्वास समजू नये. वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतील १०७ प्रश्न मुलांकडून पाठ करून घ्यावेत की त्यांतील थोडेच समजावून सांगावेत, याचा निर्णय एकट्याने घेतल्यास पालकांची नाराजीही एकट्यालाच झेलावी लागते. माझे मत थोडे व नीट समजावण्याकडे झुकते, तरी ते मंडळीच्या वडिलांसमोर मांडूनच अमलात आणावे.

मंडळीच्या तरुण संघाबाबत अधिक सावध राहावे. शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या अनेक तरुणांचे सभासदत्व गावच्या मंडळीतच असते. त्यांना कामात जरूर घ्यावे, मात्र पदाधिकारी नेमण्यापूर्वी सभासदत्वाच्या दाखल्याविषयी पाळकांशी बोलावे. अल्पवयीन मुलांची सहल काढताना पालकांची लेखी संमती घ्यावी आणि किमान दोन प्रौढ सोबत असावेत. ही अट कोणाच्याही आग्रहाखातर शिथिल करू नये.