बुलेटचा हप्ता कोण भरतं?

प्रिय लेखिकाबाई,

तुझ्या कादंबरीचं बाड वाचून झालं. दोन रात्री लागल्या आणि दुसऱ्या रात्री गॅसवरचं दूध उतू गेलं, म्हणजे गोष्ट धरून ठेवते हे नक्की. तुझा नायक रुद्र. वर्षभरात माझ्याकडे आलेला हा तिसरा रुद्र. तिघांकडेही बुलेट आणि तिघांच्याही भुवईवर व्रण. नाव राहू दे, पण व्रण कशाचा ते तरी सांग.

गुणी मुलगी आणि वाया गेलेला मुलगा ही जोडी जुनी म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं ऐकू नकोस. लंडनमध्ये सॅम्युअल रिचर्डसन नावाचा एक छापखानेवाला होता. १७४७-४८ मध्ये त्याने ‘क्लॅरिसा’ ही पत्ररूप कादंबरी काढली. सुधारलेला बदफैली माणूस सर्वांत चांगला नवरा होतो, हा समज घातक आहे असं त्याने प्रस्तावनेत बजावलंय. आणि लिहिताना मात्र त्याच बदफैली लव्हलेसला असं बोलकं केलं, की वाचक त्याच्यावर भाळले. शेवट गोड करा म्हणून रिचर्डसनला गळ घालू लागले! पुढच्या आवृत्तीत त्याने लव्हलेसला आणखी काळं फासलं. मला या माणसाची नेहमी दया येते.

पण तिथे क्लॅरिसाही पानंच्या पानं लिहिते, वाद घालते, नकार देते. तुझी आर्या? चौथ्या प्रकरणात ती कर्ता असलेली वाक्यं मी पेन्सिलीने मोजली. ३१. त्यातल्या २७ वाक्यांत ती घाबरते, लाजते, ओठ चावते किंवा गप्प बसते. याला चांगली मुलगी म्हणत नाहीत गं, घरी त्रास न देणारी मुलगी म्हणतात.

आणि तरी खरी आर्या तुला सापडलेली आहे, पान ३८वर. लंबकाचं प्रॅक्टिकल. सगळी बॅच मागच्या वर्षीच्या जर्नलमधून गुरुत्व त्वरणाचं पुस्तकी उत्तर, ९.८, उतरवते. आर्या तीनदा आंदोलनं मोजते, उत्तर ८.६ येतं, आणि ती ८.६च लिहिते. सरांची बोलणी खाते, पण खोडत नाही. हे तू चार ओळींत उरकलंस आणि रुद्रच्या डोळ्यांच्या रंगावर दीड पान घालवलंस! रुद्रने तिच्यात काय पाहिलं, याचं उत्तर ते ८.६ आहे. त्याच्या भोवती सगळे उतरवून काढणारेच आहेत. त्याला ती वही दिसू दे.

आता रुद्र. तो ‘वाईट’ आहे म्हणजे नेमकं काय? फटाके फोडणारा सायलेन्सर? असले सायलेन्सर पुण्यात पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडलेत, तेवढ्याने कोणी खलनायक ठरत नाही. त्याच्या वागण्याची किंमत कोण मोजतं ते दाखव. बुलेटचा हप्ता कोण भरतं? आई असेल, तर ती महिन्याच्या पाच तारखेला काय करते?

नववं प्रकरण मात्र मला खुपलं. रुद्र पंधरा दिवस तिच्या स्कूटीमागे गल्लीपर्यंत येतो. मग तिचा फोन हिसकावून वर्गातल्या एका मुलाचा नंबर उडवतो, आणि तू लिहितेस, ‘त्याच्या डोळ्यांत तिला पहिल्यांदा काळजी दिसली.’ मुलीची इच्छा नसताना तिचा असा पाठलाग करणं हा २०१३पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. कादंबरीत पोलीस आण असं मी म्हणत नाही. रुद्रने चुकावं, खुशाल चुकावं. पण तू, लिहिणारी, त्याला काळजी म्हणू नकोस. ‘एकच प्याला’ नाटकातल्या दारुड्या सुधाकरच्या पायाशी झिजून गेलेल्या त्याच्या बायकोवर, सिंधूवर, आपण १९१९पासून रडतोय, त्यामुळे सोसणं म्हणजेच प्रेम हे आपल्या हातून नकळत लिहिलं जातं. माझ्याही पहिल्या कथेत लिहिलं गेलं होतं. ती आता कुणाला दाखवत नाही.

जी मुलगी ८.६ला ९.८ म्हणत नाही, ती हिसकावण्याला काळजी कशी म्हणेल?

बाकी पानांवर खुणा केल्यात. नवव्याला हात लावलेला नाही. ते तू पुन्हा लिही, आणि फोन परत घेताना आर्या काय बोलते तेवढं मला आधी पाठव. व्हॉट्सॲपवर नको, कागदावर.

तुझी,
मावशी