सेकंडहँड ४५० हेलिकॉप्टर डावीकडे पळतंय, शेपूट पण थरथरतंय, ट्रिम किती द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलासाठी आणलेलं चार चॅनेलचं छोटं रिमोटचं हेलिकॉप्टर तुम्हालाच जास्त आवडलं, मग तुम्ही जुनं ४५० साइजचं घेतलं आणि आता साताऱ्यात घराजवळच्या मैदानावर ते उचललं की डावीकडे पळतंय, शेपूट थरथरतंय, तर ट्रिम किती द्यायचं आणि शिकायला किती दिवस लागतील.

मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी हेलिकॉप्टर उडवतो. माझं म्हणणं एकच, ट्रिम, म्हणजे स्टिकचा मधला बिंदू थोडा सरकवणारी रिमोटवरची बटणं, आत्ता वाढवू नका. सगळी ट्रिम शून्यावर आणा आणि मशीन टेबलावर घ्या.

हे मी एवढं ठासून का सांगतोय तर माझं पहिलं ४५० पण सेकंडहँडच होतं. ते पण एका बाजूला ओढायचं आणि मी रोज दोन-दोन क्लिक ट्रिम वाढवत गेलो, चार-पाच दिवस बरं वाटलं. मग एका संध्याकाळी हरिपूरच्या बाजूला मित्राच्या मळ्यात उडवत होतो, जरा वारा सुटला, मी स्टिक पार शेवटापर्यंत दिली तरी मशीन वळेना, कारण स्वॉशप्लेटची, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या पंख्याखालच्या गोल चकतीची, त्या बाजूची हालचाल ट्रिमनंच खाऊन टाकली होती, आणि ते सरळ उसात गेलं. डोक्याच्या वर ऊस, आम्ही तिघं सरीसरीनं दोन तास शोधत होतो, मित्राचे वडील, अण्णा, ते पण हातातलं काम टाकून आले. सापडलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला नेऊन व्हर्निअर लावला तर सर्वोपासून (स्टिकप्रमाणे हलणारी छोटी मोटर) स्वॉशप्लेटला जाणाऱ्या दोन्ही बाजूच्या लिंका, म्हणजे जोडदांड्या, सारख्या पाहिजेत तिथं एक दीड मिलिमीटरनं आखूड निघाली. म्हणजे स्वॉशप्लेट पहिल्यापासूनच कलती होती, आधीच्या मालकाकडून आलेली चूक, आणि मी ती दुरुस्त न करता झाकत बसलो होतो.

तुमच्या मशीनला वर फ्लायबार आहे का, म्हणजे मोठ्या पात्यांना आडवी असलेली दोन छोट्या पॅडलची दांडी? ती नसेल तर फ्लायबारलेस आहे आणि मग ट्रिम देणं आणखीच चूक, कारण आतला कंट्रोलर ट्रिमला ट्रिम समजतच नाही, त्याला वाटतंय तुम्ही स्टिक थोडीशी धरून ठेवलीय आणि तो मशीन हळूहळू त्या बाजूला फिरवतच राहतो. शेपूट आहे त्याच दिशेला धरून ठेवणाऱ्या हेडिंग होल्ड गायरोचं पण तसंच, रडरला (शेपूट वळवणाऱ्या स्टिकला) ट्रिम दिली की शेपूट सावकाश गोल फिरायला लागतं आणि माणूस म्हणतो गायरो खराब झाला.

आता टेबलावर काय करायचं. पहिलं म्हणजे मोटरच्या तिन्ही वायरी काढा, हे विसरू नका. मग रिमोट चालू करून पिचची (पात्यांचा कोन बदलणारी) स्टिक बरोबर मध्ये ठेवा. तिन्ही सर्वोचे हॉर्न (वरचे छोटे हात) काटकोनात पाहिजेत, नसेल तर काढून एक दात पुढं-मागं बसवून बघा आणि उरलेला बारीक फरक तेवढा रिमोटच्या मेनूतल्या सबट्रिमनं काढा. मग स्वॉशप्लेट सर्व बाजूंनी लेव्हल, मग लिंका फिरवून पात्यांचा पिच शून्य. पिच गेज मिळतो तो घ्याच, अंदाजानं हे होत नाही. स्टिक वर-खाली केल्यावर साधारण अधिक दहा ते उणे दहा अंश मिळाले की पुरे, हॉवरला, म्हणजे एका जागी तरंगायला, पाच-सहा अंशच लागतात.

त्यानंतर फेदरिंग शाफ्ट, दोन्ही पात्यांच्या पकडींतून आरपार जाणारी बारीक दांडी. बाहेर काढा आणि जाड काचेवर लोळवा, खाली उजेडाची फट लुकलुकली की वाकलीय. सरळ करत बसू नका, नवीनच टाका, स्वस्त असते. मी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून बघतो, तुमच्या ओळखीत कुणी टर्नर असेल तर त्याच्याकडून मेन शाफ्टचा रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) पण बघून घ्या, सेकंडहँडमध्ये हे दोन शाफ्ट हमखास वाकलेले निघतात आणि बऱ्याच थरथरीचं मूळ तिथंच असतंय. बॉल लिंक बोटानं हलवल्यावर फुलासारख्या हलल्या पाहिजेत, अडकत असतील तर पक्कडीनं अगदी हलकं दाबा. पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) आणि मेन गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून मेश, म्हणजे दातांमधली फट, बसवा. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा पण प्लॅस्टिकला लागू देऊ नका, तडे जातात.

पाती ट्रॅक होतात का, म्हणजे दोन्ही एकाच पातळीत फिरतात का, ते उडवूनच कळतंय. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावा, दुसऱ्याला तेवढीच दुसऱ्या रंगाची, आणि लांबून डोळ्याच्या पातळीत बघा, दोन चकत्या दिसल्या तर कुठलं पातं वर चालतंय ते रंगावरून कळतं, मग त्याची लिंक अर्धा-एक आटा फिरवायची.

एवढं सगळं केल्यावर पण ते थोडं डावीकडे सरकेल आणि त्यात बिघाड काही नाही. वरून बघितलं तर बहुतेक आरसी हेलिकॉप्टरचा मोठा पंखा घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्यामुळं बॉडी उलट्या दिशेनं फिरायला बघते, ते थांबवायला मागचा पंखा जोर लावतो आणि तोच जोर सगळ्या मशीनला डावीकडे ढकलतो. म्हणून चांगलं जुळवलेलं हेलिकॉप्टर हॉवरमध्ये किंचित उजवीकडे कललेलं दिसतं. मला हे कळायला फार वेळ लागला. आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर तर कुठलंच मशीन शांत राहत नाही, स्वतःच्याच पंख्याची हवा खालून परत येऊन हलवते. चार-पाच फुटांवर नेऊन बघा, तिथं खरं काय ते कळतंय.

शेपटाची थरथर बारीक आणि भराभर असेल तर गायरोचा गेन (तो किती जोरात दुरुस्ती करतो ते) जास्त असतो, थोडा-थोडा कमी करा. पण आधी मागच्या पंख्याचा स्लायडर (पात्यांचा कोन बदलायला शाफ्टवर सरकणारा भाग) शाफ्टवर अडकत नाही ना आणि बेल्ट ढिला नाही ना ते बघा, तिथं अडकत असेल तर गेन कितीही बदला, काही फरक पडत नाही.

साताऱ्यात वारा ही मोठी गोष्ट आहे. चाळकेवाडीला एवढ्या पवनचक्क्या आहेत म्हणजे तुमच्याकडं वारा किती ते वेगळं सांगायला नको. सकाळी सूर्य वर यायच्या आत उडवा. कासला जाऊ नका, ती जागतिक वारसा यादीतली फुलांची जागा आहे. मैदान ठरवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाइटच्या नकाशावर ते ग्रीन झोनमध्ये (उडवायला मोकळ्या भागात) आहे का बघा, ड्रोन नियम २०२१ आपल्या हेलिकॉप्टरला पण लागू होतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमच्या घरात लहान मुलगा आहे. ४५० ची पाती ३२५ मिलिमीटरची, वर्तुळ साधारण ७० सेंटिमीटरचं, मिनिटाला २४०० फेरे धरले तरी टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये मोठ्या साइजचं आरसी हेलिकॉप्टर लागून १९ वर्षांचा मुलगा गेला, तो नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. पोराला दहा मीटर मागं, तुमच्या पाठीशी उभं करा, आणि थ्रॉटल होल्डचं (मोटर लगेच बंद करणारं) बटण न बघता दाबता येईपर्यंत घरी सराव करा. पडतंय असं वाटलं की आधी होल्ड, मोटर बंद पडली तर नुकसान बरंच कमी होतं. बॅटरी एका सेलला ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका, घरी ठेवताना ३.८ वर ठेवा, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरू नका.

शिकायला किती दिवस? मी रोज रात्री अर्धा तास असं दोन महिने सिम्युलेटरवर बसलो, रिमोट कॉम्प्युटरला जोडून, तेव्हा कुठं शेपूट आपल्याकडं ठेवून हॉवर जमला. तोंड आपल्याकडं आलं की डावं-उजवं उलटं होतं, त्याला आणखी तीन महिने गेले. मैदानावर सुरुवातीला खाली ट्रेनिंग गिअर बांधा, आडव्या-उभ्या काड्या आणि टोकाला प्लॅस्टिकचे बॉल.

या रविवारी उडवू नका. फेदरिंग शाफ्ट काढून काचेवर लोळवा, बाजूच्या दोन लिंकांची लांबी मोजा आणि काय निघालं ते मला कळवा, मग पुढचं सांगतो.