कृषी पत्रकारितेत घर चालतं का? त्याच घरात वाढलेल्या मुलीचं उत्तर

तुम्ही विचारलंय की बीएस्सी ॲग्री झालंय, स्पर्धा परीक्षेत मन लागत नाही, तर शेतीची पत्रकारिता किंवा रेडिओ-टीव्हीवरचे शेतीचे कार्यक्रम यात करिअर होतं का आणि त्यावर घर चालतं का. मी स्वतः पत्रकार नाही, बँकेत नोकरी करते, पण माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आकाशवाणीत फार्म रेडिओ रिपोर्टर होते आणि रिटायर झाल्यावर दहाएक वर्षं शेतीच्या पेपरात, मासिकांत लिहीत होते, त्यामुळं घरात बसून मला जे दिसलं ते सांगते.

सुरुवात आजोबांपासून करावी लागेल कारण रेडिओचं वेड तिथून आलं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, आताचं अहिल्यानगर. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता, पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली, प्रत्येक गावात रेडिओ ऐकणाऱ्यांचं एक मंडळ केलं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. आधी सगळ्यांनी बसून ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, आणि जो प्रश्न राहील तो केंद्राला लिहून पाठवायचा. आजोबांच्या सासुरवाडीला असं मंडळ होतं आणि ते सायकलवर तिथं जायचे. आपला प्रश्न पुण्याचा माणूस रेडिओवर वाचतो आणि उत्तर देतो, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं. पुढं १९६६ च्या आसपास, संकरित बियाणं यायला लागलं तेव्हा, आकाशवाणीत फार्म अँड होम विभाग निघाले आणि शेतीची पदवी घेतलेल्या पोरांना तिथं जागा झाली. आप्पा राहुरीला, म्हणजे तिथल्या कृषी विद्यापीठात शिकले आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्या नोकरीत लागले. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस होता याचा त्यांना फार अभिमान, ते म्हणायचे की खेड्यातलं बोलणं माइकवर जसंच्या तसं चालतं हे त्या लोकांनी आम्हाला दाखवलं.

आता काम कसं असायचं ते. खांद्याला उहेर कंपनीचा टेपरेकॉर्डर, त्यात पाच इंची स्पूल, म्हणजे टेपचं रीळ, आणि एसटीनं गाव गाठायचं. एका स्पूलवर पंधराएक मिनिटं मावायची म्हणून आधी तासभर नुसत्या गप्पा, चहा, बांधावरून एक फेरी, माणूस मोकळा झाला की मगच बटण दाबायचं. केंद्रावर परत आल्यावर ब्लेडनं टेप कापून चिकटवायची. खोकला कापायचा, बैलाची घंटा ठेवायची, हे आप्पांचं ठरलेलं. सहाच्या पुढं कार्यक्रम लागला की आजी रेडिओसमोर पदर सावरून बसायची, मुलगा आत आहे असं समजून नाही, तिला सगळं कळत होतं, पण घरात वडीलधारं कोणी बोलायला लागलं की आपण नीट बसतो ना, तसं.

घराचं म्हणाल तर आप्पा केंद्राच्या गावी खोली घेऊन, आणि आई, आजी, मी, भाऊ गावाकडं. चार एकर शेती आईनं केली. शनिवारी रात्री आप्पा यायचे, सोबत पुढच्या आठवड्याची स्क्रिप्टं आणि ऐकणाऱ्यांनी पाठवलेल्या पंधरा पैशांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. पत्रं मी वाचून दाखवायची, वय वर्षं नऊ-दहा, त्यातूनच मला तुडतुडे, करपा, हुमणी हे पिकांवरच्या किडी-रोगांचे शब्द शाळेतल्या शब्दांच्या आधी आले. पण खरी गोष्ट स्क्रिप्टची. आईनं ऐकल्याशिवाय स्क्रिप्ट जायचं नाही, आणि हे काही प्रेमाचं वगैरे नव्हतं, रोखठोक भांडण असायचं.

एक उदाहरण देते, तुम्ही ॲग्रीवाले आहात म्हणून आकड्यांसकट. कांद्याला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. आप्पांनी तसंच लिहिलं. आई म्हणाली, हेक्टर कोणाकडं आहे गावात? मग एकरी ४० किलो नत्र. नत्राचं पोतं मिळतं का दुकानात? मग युरियात ४६ टक्के नत्र धरून एकरी ८७ किलो, म्हणजे ५० किलोच्या हिशोबानं पावणेदोन पोती. आप्पांना वाटलं झालं. तर ती म्हणाली, आम्ही लागणीला १०:२६:२६ हे मिश्रखत (१० टक्के नत्र, २६ स्फुरद, २६ पालाश) टाकतो, त्यात पण नत्र असतं ना, मग युरिया तेवढाच टाकायचा का? परत हिशोब. २० किलो स्फुरदासाठी १०:२६:२६ साधारण ७७ किलो लागतं, त्यातून पावणेआठ किलो नत्र आलंच, म्हणजे युरिया ७० किलोवर आला. सतरा किलो युरिया एका प्रश्नात वाचला, तो पण एकरामागं. आणि ते सुद्धा एकदम नाही, लागणीच्या वेळी थोडा आणि उरलेला महिन्यानं, दीड महिन्यानं, हे परत वेगळं वाक्य करून सांगायचं कारण रेडिओ मागं फिरवता येत नाही. (२०१८ पासून युरियाचं पोतं ४५ किलोचं झालंय, त्यामुळं जुन्या कात्रणातलं "पावणेदोन पोती" आज कोणी वापरलं तर आठ किलो कमी पडतात. आप्पांनी स्वतःच्या फायलीत प्रत्येक ठिकाणी पेनानं पोती खोडून किलो केलं, पंच्याहत्तरीच्या आसपासचा माणूस, दोन महिने बसून.)

एवढं का, तर त्याला कारण घडलेलं आहे. मी सातवीत असताना आप्पांचा मोसंबीवरचा लेख एका साप्ताहिकात आला होता. झिंक सल्फेट ०.५ टक्के फवारायचं, त्यात निम्मा चुना, असं त्यांनी लिहिलेलं. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवताना टिंब गळालं आणि छापून आलं ०५ टक्के. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम पाहिजे तिथं एका माणसानं पाऊण किलो टाकलं. पानं करपली, नवी फूट जळाली. तो माणूस भांडायला आला नाही, जळालेली फांदी रुमालात गुंडाळून घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली, म्हणाला साहेब काय चुकलं माझं ते सांगा. आप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बागेत गेले, पुढं वर्षभर जाऊन येऊन होते, झाडं सावरली पण त्या वर्षीचा बहार गेला तो गेलाच. चूक छापखान्याची होती असं आम्ही म्हणायचो, आप्पा म्हणायचे टक्क्यात मी लिहिलं, पंपाला ७५ ग्रॅम असं लिहिलं असतं तर टिंबाची गरजच नव्हती. त्यानंतर त्यांनी टक्के हा शब्द वापरलाच नाही.

खेड्यातल्या माणसासाठी लिहायची ही परंपरा आमच्या भागात फार जुनी आहे आणि ती माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र काढलं, आणि त्यांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील, दत्तक गेल्यामुळं आडनाव वेगळं, यांनी १९१० ला 'दीनमित्र' सुरू केलं आणि नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ ला जाईपर्यंत चालवलं. खेड्यात छापखाना, विचार करा. आप्पांनी आम्हा दोघा भावंडांना मुद्दाम तरवडीला नेलं होतं.

पैशाचं बोलू. आप्पांची सरकारी नोकरी होती, पगार वेळेवर, पेन्शन आहे, त्यामुळं आमचं घर चाललं, पण जमीन नसती आणि आई नसती तर दोन बिऱ्हाडं चालली नसती हे पण तितकंच खरं. आज तशा कायमच्या जागा फारशा निघत नाहीत. पण रस्ते वाढलेत. २००५ ला 'ॲग्रोवन' आला, शेतीचा रोजचा पेपर चालू शकतो हे त्यानं दाखवलं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग असे छोटे रेडिओ आहेत, तिथं शिकायला मिळतं. यूट्यूब तर आहेच, पण तिथं एक सांगते आणि स्पष्ट सांगते, पैसे बहुतेक औषध-खतवाल्या जाहिरातीतून येतात. आप्पांकडं पण दिवाळीला एका कंपनीचा माणूस मिक्सर घेऊन आला होता, आईनं दारातूनच परत पाठवला आणि आम्ही पुढची तीन वर्षं पाट्यावरच वाटलं. कोणाकडून पैसे घेतलेत ते व्हिडिओत पहिल्या वाक्यात सांगता येत असेल तर घ्या, नाहीतर घेऊ नका.

तर माझं मत, या, पण पहिली दोन-तीन वर्षं घरच्यांवर भार पडेल हे त्यांना आधी सांगून या. आणि अर्ज पाठवायच्या आधी एक काम करा, तुमच्या तालुक्यातल्या एका पिकाची विद्यापीठाची शिफारस घ्या, ती पोत्यात, पंपात आणि गुंठ्यात करा आणि तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या ज्या बाई खरंच रानात जातात त्यांना वाचून दाखवा. त्या काय विचारतात ते लिहून घ्या. मला मेसेजमध्ये पाठवलंत तर मी आप्पांना वाचून दाखवीन, त्यांना आता कमी दिसतं पण ऐकायला व्यवस्थित येतं, आणि आई शेजारी असतेच.